ब्रिटनमधील दूषित रक्ताची चौकशी : ‘त्या काळी उपलब्ध असलेले सर्वोत्तम उपचार’ हे उत्तर कसे निकालात निघाले?

शांत वाचक (धागाकर्ता)

ब्रिटनमधील दूषित रक्त प्रकरणाच्या चौकशीचा अंतिम अहवाल २० मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. सात खंडांचा आणि अडीच हजारांहून अधिक पानांचा हा ऐवज मी गेले काही महिने तुकड्यातुकड्याने वाचतो आहे. त्यातल्या एका मुद्द्यावर येथील जाणकारांची मते हवी आहेत, म्हणून हा धागा.

१९७० ते १९९१ या काळात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, उपचार घेणाऱ्या तीस हजारांहून अधिक माणसांना रक्तातून किंवा रक्तापासून बनवलेल्या औषधांतून एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू, विशेषतः हेपटायटिस सी, यांचा संसर्ग झाला. त्यांपैकी सुमारे तीन हजार माणसे दगावली. तरीही तिथले सरकार, सत्तेवर पक्ष कोणताही असो, वर्षानुवर्षे एकच उत्तर देत राहिले : रुग्णांना त्या काळच्या वैद्यकीय ज्ञानानुसार उपलब्ध असलेले सर्वोत्तम उपचार मिळाले. चौकशीचे अध्यक्ष, माजी न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ यांनी हे उत्तर धाग्याधाग्याने उसवले आहे आणि माझ्या मते तोच या अहवालाचा गाभा आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिमोफिलिया असलेल्या रुग्णाच्या रक्तात गोठण्यासाठी लागणारा एक घटक कमी असतो. ‘ए’ प्रकारात आठवा, ‘बी’ प्रकारात नववा. सांध्यांत आतल्या आत रक्तस्राव होऊन असह्य वेदना होतात आणि हळूहळू सांधे निकामी होतात. १९६०च्या दशकात क्रायोप्रेसिपिटेट हा उपाय हाती आला. तो एका किंवा मोजक्या दात्यांच्या रक्तद्रवापासून बनत असे, परंतु गोठवून ठेवावा लागे आणि सहसा रुग्णालयातच घ्यावा लागे. १९७३ साली परदेशी कंपन्यांच्या ‘फॅक्टर आठ’च्या भुकटीला ब्रिटनमध्ये परवाना मिळाला. ही भुकटी घरच्या फ्रीजमध्ये ठेवता येई, द्रवात कालवून स्वतःच टोचून घेता येई, आणि ज्या मुलांचे निम्मे बालपण रुग्णालयात जात होते त्यांना प्रथमच शाळा, खेळ, प्रवास असे काही शक्य झाले. तिचे आकर्षण खरे होते, हे अहवालही मान्य करतो.

अडचण तिच्या उत्पादनात होती. भुकटीची एक खेप हजारो दात्यांच्या, काही वेळा चाळीस हजारांपर्यंतच्या, एकत्रित रक्तद्रवातून बनत असे. त्यातल्या एकाच्या रक्तात विषाणू असला तरी सगळी खेप दूषित होणार. शिवाय अमेरिकेतून येणाऱ्या मालासाठी रक्तद्रव देणाऱ्यांना पैसे मिळत असत, आणि त्यांत तुरुंगातले कैदी व नशेची इंजेक्शने घेणारे लोकही असत. रक्तातून कावीळ पसरते हे १९४८ साली एनएचएस स्थापन होण्याच्या आधीपासून माहीत होते, आणि दात्यांची संख्या वाढली की धोका वाढतो हेही. मग ‘त्या काळच्या ज्ञानानुसार’ या शब्दांना नेमका आधार कशाचा होता?

देश स्वतःच्या स्वेच्छा रक्तदात्यांच्या बळावर स्वयंपूर्ण झाला असता तर आयातीची गरज पुष्कळ घटली असती. १९७०च्या दशकाच्या मध्यात आरोग्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी तसे आश्वासन दिले होते आणि त्यासाठी पाच लाख पौंडांची तरतूदही केली होती. इंग्लंड आणि वेल्सपुरते तरी ते उद्दिष्ट वेळेत गाठले गेले नाही. स्कॉटलंडने स्वतःच्या प्रयोगशाळेच्या आधारे बरीच मजल मारली, म्हणजे हे अशक्य कोटीतले काम नव्हते.

नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय क्षेत्रातला आहे, म्हणून थोडी विरुद्ध बाजू मांडतो. चाळीस वर्षांनंतर सगळी कागदपत्रे एकापुढे एक लावून वाचणाऱ्याला जी साखळी दिसते, ती त्या वेळी बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या डॉक्टरला दिसत नसते. हेपटायटिस सीचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तोपर्यंत त्या आजाराला ‘ए नव्हे, बी नव्हे’ असे म्हणत आणि अनेक तज्ज्ञ त्याला सौम्य समजत, कारण यकृताची हानी उघड व्हायला दोन-तीन दशके लागतात. दुसऱ्या बाजूला मेंदूतील रक्तस्रावाने रुग्ण जाण्याची भीती रोजची आणि डोळ्यांसमोरची होती. जोखीम आणि लाभ यांचा तो हिशेब आपल्याला आज चुकलेला दिसतो, पण तो करणारा प्रत्येक डॉक्टर बेपर्वा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

शांत वाचक (धागाकर्ता)

आपला आक्षेप रास्त आहे, आणि अहवालाने त्याला दिलेले उत्तर तारखांच्या रूपात असल्यामुळे मीही तारखाच मांडतो.

१६ जुलै १९८२ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिमोफिलियाच्या तीन रुग्णांना एक विचित्र न्यूमोनिया झाल्याचे प्रसिद्ध केले. हा पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराचा भाग होता. त्या आजाराचे तोवरचे रुग्ण पाहता, तो रक्तातूनही जात असावा ही शंका तेव्हापासून उघड होती. मे १९८३च्या पहिल्या दिवशी एका ब्रिटिश वृत्तपत्राने आयात रक्तोत्पादनांच्या धोक्याविषयी ठळक बातमी दिली. तीनच दिवसांनी त्या देशातले हिमोफिलियाचे सर्वात वजनदार तज्ज्ञ, कार्डिफचे प्राध्यापक आर्थर ब्लूम यांनी रुग्णसंघटनेमार्फत दिलासा दिला की उपचार बदलण्याचे कारण नाही आणि आपल्याकडे सिद्ध झालेला एकही रुग्ण नाही. त्याच सुमारास कार्डिफमधल्याच एका रुग्णाला हा आजार झाल्याचा संशय होता. ९ मे रोजी ब्रिटनच्या साथरोग पाळत केंद्राचे संचालक डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य खात्याला लेखी कळवले की १९७८नंतर अमेरिकेत दिलेल्या रक्तापासून बनलेली सर्व उत्पादने, धोका स्पष्ट होईपर्यंत, वापरातून काढावीत. खात्याने ही सूचना अकाली ठरवली. जुलैमध्ये औषध-सुरक्षा समितीच्या उपसमितीनेही आयात चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला, आणि सप्टेंबरमध्ये मंत्री केनेथ क्लार्क यांनी जाहीर केले की एड्स रक्तोत्पादनांतून पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही.

‘निर्णायक पुरावा नाही’ हे विधान तांत्रिकदृष्ट्या खरे ठरवता येईल. परंतु ज्याच्या हातात सुई आहे त्याला निर्णायक पुराव्याची नव्हे तर धोका किती संभवतो याची माहिती हवी असते, आणि ती माहिती खात्याकडे होती. अहवालाने म्हणूनच अशा विधानांना दिशाभूल करणारी म्हटले आहे. गॅलब्रेथ यांचे पत्र ही पश्चातबुद्धी नव्हती. ते १९८३ सालचेच ज्ञान होते.

बेपर्वाईबद्दल म्हणाल तर, सौम्य हिमोफिलिया असलेल्या आणि एरवी क्वचितच उपचार लागणाऱ्या माणसांनाही ही भुकटी दिली गेली, पर्यायी उपाय असताना दिली गेली, आणि धोका न सांगता दिली गेली. त्यात जोखमीचा हिशेब कुठे होता?

उंबरठा

या धाग्यात ट्रेलोर शाळेचा उल्लेख अजून आला नाही. हॅम्पशायरमधील या निवासी शाळेच्या आवारातच एनएचएसचे हिमोफिलिया केंद्र होते, जेणेकरून मुलांचे शिक्षण उपचारांमुळे खंडित होऊ नये. आईवडिलांनी मुले तिथे पाठवली ती याच विश्वासाने. १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलियाचे १२२ विद्यार्थी तिथे शिकले. आज त्यांतले सुमारे तीसच हयात आहेत. अहवाल सांगतो की मुलांना गरजेपेक्षा जास्त भुकटी दिली गेली, आणि तिथल्या डॉक्टरांना विषाणूचा धोका ठाऊक असूनही संशोधनाची उद्दिष्टे पुढे ठेवली गेली. मुलांना आणि बहुतेक पालकांना आपण कशात सहभागी आहोत याची कल्पनाही नव्हती.

ज्यांना आधी कधीच रक्तोत्पादने दिली गेली नव्हती असे रुग्ण त्या काळच्या संशोधकांना विशेष मोलाचे वाटत, कारण नव्या उत्पादनातून संसर्ग होतो की नाही हे अशा रुग्णांतच स्वच्छ कळते. जानेवारी १९८२मधील तज्ज्ञांच्या पत्रव्यवहारात याची सरळ चर्चा आहे आणि अशा चाचण्या चिंपांझींवर करण्याच्या खर्चाचाही त्यात उल्लेख येतो. नाडीपरीक्षा यांचा ‘रोजच्या भीतीचा’ मुद्दा मला पटतो, पण या शाळेला तो लागू पडत नाही.

नाडीपरीक्षा

शाळेबाबत मी काहीही समर्थन करणार नाही. संमतीविना संशोधन हे त्या काळच्या नीतिनियमांनुसारही चूकच होते; माणसांवरील संशोधनासाठीच्या न्युरेंबर्ग आणि हेलसिंकी या दोन्ही संहिता तोवर जुन्या झाल्या होत्या. माझा मुद्दा मर्यादित आहे. वरिष्ठ तज्ज्ञांच्या सल्ल्यावर विसंबलेल्या लहान रुग्णालयातल्या डॉक्टरला आणि सल्ला देणाऱ्या वरिष्ठांना एकाच मापाने मोजू नये.

कलमनवीस

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण ‘चौकशी’ या शब्दाखाली तिकडे बऱ्याच निरनिराळ्या गोष्टी होऊन गेल्या आहेत आणि त्यांची सरमिसळ होते.

लॉर्ड आर्चर यांची चौकशी खाजगी निधीतून झाली, २००९ साली अहवाल आला, परंतु कोणालाही साक्षीला बोलावण्याचा अधिकार तिला नव्हता आणि सरकारने तिच्यापुढे अधिकृतपणे साक्ष दिली नाही. स्कॉटलंडमधील पेनरोज चौकशी वैधानिक होती. वर्षानुवर्षे चालून मार्च २०१५मध्ये तिने शिफारस केली ती एकच, ती म्हणजे १९९१पूर्वी रक्त चढवलेल्या व्यक्तींची हेपटायटिस सीसाठी तपासणी करावी. संतापलेल्या रुग्णांनी अहवालाच्या प्रती जाळल्या. त्यानंतर जुलै २०१७मध्ये तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी संपूर्ण देशव्यापी चौकशी जाहीर केली आणि जुलै २०१८पासून ती २००५च्या चौकशी कायद्याखाली काम करू लागली. या कायद्यामुळे कागदपत्रे सक्तीने मागवता येतात आणि साक्षीदाराला शपथेवर उभे करता येते. ३७०हून अधिक जणांनी प्रत्यक्ष साक्ष दिली, आणि सुनावणीची सुरुवात मंत्र्यांपासून किंवा अधिकाऱ्यांपासून न करता संसर्गग्रस्तांपासून केली गेली, ही लँगस्टाफ यांची निवड मला महत्त्वाची वाटते. अधिकाऱ्यांची वेळ आली तेव्हा त्यांना आधीच नोंदवलेल्या अनुभवांना सामोरे जावे लागले.

मात्र याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार अशी चौकशी कोणाचीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी ठरवू शकत नाही. ‘अहवालात दोषी ठरवले’ असे जे लिहिले जाते ते अर्थाने बरोबर असले तरी कायद्याने नाही.

रानवाटा

मग एवढ्या मृत्यूंबद्दल कोणाला शिक्षा झालीच नाही का?

कलमनवीस

ब्रिटनमध्ये नाही. फ्रान्समध्ये राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राचे प्रमुख मिशेल गारेत्ता यांना १९९२ साली चार वर्षांचा तुरुंगवास झाला. १९९९ साली माजी पंतप्रधान लोराँ फाबियस निर्दोष सुटले, तर माजी आरोग्यमंत्री एडमाँ एर्वे दोषी ठरूनही त्यांना शिक्षा दिली गेली नाही. जपानमध्ये २००० साली ‘ग्रीन क्रॉस’ कंपनीच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. कॅनडात न्यायमूर्ती क्रेव्हर यांच्या आयोगाने १९९७ साली अहवाल दिला आणि रक्तसेवा रेडक्रॉसकडून काढून नव्या संस्थेकडे गेली. म्हणजे इतर देशांत २००० सालापर्यंत जे हिशेब झाले, ते ब्रिटनने २०२४पर्यंत टाळले.

पैलतीर

मी इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात काम करते. चर्चा हिमोफिलियाभोवती फिरते आहे ते स्वाभाविक आहे, कारण त्या समूहातल्या सुमारे १,२५० जणांना एचआयव्ही झाला, त्यांत ३८० मुले होती आणि त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश आज नाहीत. पण संख्येने सर्वात मोठा गट वेगळाच आहे. प्रसूतीनंतर, अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेत रक्त चढवले गेले आणि त्यातून हेपटायटिस सी झाला, अशा व्यक्तींचा चौकशीच्या सांख्यिकी तज्ज्ञांनी काढलेला अंदाज २६,८०० आहे. या लोकांची संघटना नव्हती, ठरलेले केंद्र नव्हते आणि एकमेकांची ओळखही नव्हती. त्यांपैकी अनेकांना निदान व्हायला वीस-तीस वर्षे लागली. थकवा येतो म्हणून गेलेल्या स्त्रीला ‘वयाचे आहे’ असे सांगायचे, आणि यकृत बिघडलेले दिसले की दारू किती घेता असे विचारायचे, हा प्रकार साक्षींमध्ये पुन्हा पुन्हा येतो.

विषाणू १९८९मध्ये सापडल्यानंतर चाचणीही लवकरच उपलब्ध झाली, पण ब्रिटनमध्ये सर्व दात्यांची तपासणी सप्टेंबर १९९१मध्ये सुरू झाली. फ्रान्स आणि जपान त्याआधीच पुढे गेले होते. २००१ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने हेपटायटिस सी झालेल्या शंभरहून अधिक दावेदारांच्या बाजूने निकाल देताना, अशा रक्ताला ग्राहकसंरक्षण कायद्याखाली सदोष उत्पादन मानले. तरीही ‘टाळता येण्यासारखे नव्हते’ हा सूर त्यानंतरही चालूच राहिला.

अहवालाची एक शिफारस मला रोजच्या कामात उपयोगी वाटते : नव्याने नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक रुग्णाला १९९६पूर्वी रक्त चढवले होते का हे विचारायचे आणि हो म्हटल्यास तपासणी सुचवायची. आता हेपटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो, त्यामुळे उशिरा सापडलेल्या रुग्णालाही काही देता येते. यकृत आधीच निबर झालेले असेल तर मात्र धोका उरतोच.

उंबरठा

पैशांचा इतिहास कोणी सविस्तर मांडेल का? ‘सानुग्रह’ हा शब्द सरकारी कागदांत सतत भेटतो.

शांत वाचक (धागाकर्ता)

सानुग्रह म्हणजे जबाबदारी मान्य न करता दिलेली रक्कम, आणि त्यावर तीस वर्षे निभावून नेले गेले. एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाग्रस्तांसाठी १९८८मध्ये मॅकफर्लेन न्यास सुरू झाला. तिथे माणसांना गरज सिद्ध करून अर्ज करावे लागत. १९९१च्या न्यायालयीन तडजोडीत रक्कम मिळवण्यासाठी दावेदारांकडून लिहून घेतले गेले की पुढे कावीळविषयक दावाही करणार नाही. त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात तेव्हा हेपटायटिस सीचा विषाणू होता आणि अनेकांना ते सांगितलेले नव्हते. पूर्ण अहवालात मला सर्वात जास्त चीड आणणारी जागा हीच आहे, कारण १९७०च्या दशकातल्या अज्ञानाची सबब इथे लावता येत नाही. हेपटायटिस सीसाठी स्किप्टन निधी आला तो २००४मध्ये.

लँगस्टाफ यांनी अंतिम अहवालाची वाट न पाहता जुलै २०२२मध्ये हयात संसर्गग्रस्तांना आणि मृतांच्या जोडीदारांना एक लाख पौंडांची अंतरिम रक्कम देण्याची शिफारस केली, ती सरकारने मानली. एप्रिल २०२३मध्ये त्यांनी भरपाईची पूर्ण योजना सुचवली. तिथे मात्र अहवाल येईपर्यंत थांबा असे उत्तर मिळाले. डिसेंबर २०२३मध्ये भरपाई संस्था स्थापन करण्याची दुरुस्ती संसदेत २४६ विरुद्ध २४२ मतांनी, सरकारच्या विरोधात, मंजूर झाली. मे २०२४मध्ये कायदा झाला, भरपाई प्राधिकरण उभे राहिले आणि ऑक्टोबर २०२४च्या अर्थसंकल्पात ११.८ अब्ज पौंड बाजूला ठेवले गेले. भरपाईत शारीरिक हानी, सामाजिक बहिष्कार, संमती हिरावली जाणे, काळजीचा खर्च आणि बुडालेले उत्पन्न असे वेगवेगळे भाग आहेत. संमती हिरावणे हा स्वतंत्र नुकसानीचा भाग मानला जाणे मला विशेष वाटते.

पुढे काय झाले ते जुलै २०२५च्या अतिरिक्त अहवालात आहे. योजना आखताना संसर्गग्रस्तांना पुरेसे विचारलेच नाही आणि रक्कम पोहोचण्याचा वेग फार मंद आहे, असे त्यात नोंदवले आहे. १९८२च्या आधी एचआयव्हीचा संसर्ग झालेल्यांना वगळणारी एक अट होती. ती तर्कहीन असल्याचे चौकशीने म्हटल्यावर सरकारने ती मागे घेण्याचे मान्य केले. ज्यांना सर्वात आधी संसर्ग झाला त्यांनाच वगळणारी अट सरकारी मसुद्यात आली कशी, हे मला अजून उमगलेले नाही.

रानवाटा

कागदपत्रे नष्ट केल्याची चर्चा होती. म्हणजे हा ठरवून केलेला कट होता का?

कलमनवीस

कागदपत्रे नष्ट झाली हे खरे आहे. ओवेन यांच्या कार्यालयातील फायली गेल्या, आणि रक्ताच्या विषाणू-सुरक्षिततेविषयी सल्ला देणाऱ्या समितीच्या फायलींचे बरेच खंड १९९०च्या दशकात नष्ट केले गेले. हे दुसरे काम अहवालाने हेतुपुरस्सर मानले आहे. पण काही मोजक्या माणसांनी एका खोलीत बसून रचलेला कट, असे चित्र लँगस्टाफ यांनी रंगवलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की लपवाछपवी झाली ती अधिक सूक्ष्म, अधिक सर्वदूर आणि म्हणूनच अधिक भयावह होती. अब्रू आणि पैसा वाचवण्यासाठी जुने उत्तर पुढच्या अधिकाऱ्याकडे, त्याच्याकडून पुढच्या मंत्र्याकडे जात राहिले आणि ते तपासण्याची तसदी कोणी घेतली नाही. तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी अहवालाच्या दिवशी संसदेत माफी मागताना हा ब्रिटिश शासनासाठी शरमेचा दिवस असल्याचे म्हटले, ते या निष्कर्षाला उद्देशून होते.

नाडीपरीक्षा

इथे मात्र माझे आणि अहवालाचे पूर्ण जुळते. उपचार देतानाच्या चुकीबद्दल मी अजूनही माणसामाणसांत फरक करीन. पण एचआयव्हीची चाचणी रुग्णाला न सांगता करणे, निकाल महिनोन्‌महिने दडवणे आणि तोवर त्याच्या जोडीदाराला संसर्ग होऊ देणे, याला १९८५ सालीही कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकाचा आधार नव्हता.

एक प्रश्न पैलतीर यांना. घडलेली चूक रुग्णाला सांगण्याचे कायदेशीर बंधन इंग्लंडमधल्या आरोग्यसंस्थांवर २०१४पासून आहे. त्याने काही फरक पडला आहे का?

पैलतीर

कागदावर पडला आहे. चूक घडली की नोंद होते, ठरलेल्या मुदतीत पत्र जाते. पण ते बंधन संस्थेवर आहे, तिच्या प्रमुखांवर वैयक्तिक नाही, आणि मंत्र्यांना किंवा खात्यातल्या अधिकाऱ्यांना तर ते लागूच नव्हते. लँगस्टाफ यांची शिफारस नेमकी या दोन ठिकाणी आहे : आरोग्यसेवेतील नेतृत्व व्यक्तिशः उत्तरदायी असावे, आणि सनदी सेवकांवरही प्रांजळपणाचे वैधानिक बंधन असावे की नाही याचा सरकारने विचार करावा. सार्वजनिक अधिकाऱ्यांच्या उत्तरदायित्वाचे विधेयक सप्टेंबर २०२५मध्ये संसदेत मांडले गेले आहे. माझ्या सहकाऱ्यांत त्याबद्दल दोन तट आहेत. काहींना वाटते की शिक्षेच्या भीतीने लोक आणखी गप्प बसतील. मला तसे वाटत नाही, कारण आतापर्यंत गप्प बसण्याची किंमत कोणालाच मोजावी लागलेली नाही.